तीन किलोमीटर दक्षिणेला: अगादिरच्या फेरउभारणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर ॲटलास पर्वताची शेवटची टेकाडे समुद्राला येऊन भिडतात आणि त्यांच्या दक्षिणेला सूस नदीचे सपाट, सुपीक खोरे सुरू होते. या दोहोंच्या सांध्यावर अगादिर वसले आहे. स्थानिक अमाझिघ लोकांच्या ताशेलहित बोलीत ‘अगादिर’ म्हणजे तटबंदीचे सामाईक धान्यकोठार. नावावरून जागा शेतकऱ्यांची वाटते, पण तिच्या इतिहासातील बहुतेक मोठी वळणे बंदरामुळे आली आणि त्यांतील बरीच वळणे गावाबाहेर बसलेल्या माणसांनी ठरवली. 1960 मध्ये जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयोगी पडते.

1505 मध्ये एका पोर्तुगीज सरदाराने येथे पहिली गढी उभारली आणि 1513 मध्ये ती पोर्तुगालच्या राजाने विकत घेतली. पोर्तुगीज ठाणे म्हटले की आपल्याला वसई, चौल, कोर्लई आठवतात. कोकणात ती ठाणी अजून मूळ धरत असताना मोरोक्कोच्या किनाऱ्यावर मात्र पोर्तुगीजांचे दिवस भरत आले होते. सादी घराण्याच्या मोहम्मद अश-शेखने 1540 मध्ये वरच्या डोंगरावर कसबा, म्हणजे तटबंदीची वस्ती, बांधला आणि पुढच्याच वर्षी खालचे पोर्तुगीज ठाणे जिंकून घेतले. (मराठीतील ‘कसबा’ हा शब्द त्याच अरबी मुळाचा आहे, मात्र आपल्याकडे त्यातून गढीचा अर्थ गळून पेठेचा उरला.) त्या पराभवानंतर पोर्तुगीजांनी साफी आणि अझेमूर ही आणखी दोन ठाणीही सोडून दिली. पुढे सूसच्या साखरेच्या निर्यातीवर अगादिर संपन्न झाले. 1731 मध्ये भूकंपाने ते उद्ध्वस्त केल्याची नोंद आहे. त्यानंतर 1746 मध्ये येथे डच व्यापाऱ्यांची वखार आली आणि कसब्याच्या दरवाजावर ‘देवाचे भय धरा व राजाचा मान राखा’ अशा अर्थाचा डच लेख कोरला गेला. 1760 च्या दशकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाने उत्तरेला मोगादोर, म्हणजे आजचे एसाविरा, हे नवे बंदर वसवले आणि व्यापार तिकडे वळवण्यासाठी अगादिरचे बंदर बंद केले. एका आज्ञेने गाव ओस पडू लागले. दीडशे वर्षांनंतरही ते डोंगरावरचा कसबा आणि पायथ्याची कोळ्यांची वस्ती, फुंती, एवढेच होते.

जुलै 1911 मध्ये ‘पँथर’ ही जर्मन युद्धनौका येथे नांगर टाकून उभी राहिली आणि अगादिरचे नाव युरोपभर गाजले. कारण दिले गेले ते येथील जर्मन नागरिकांच्या रक्षणाचे. प्रत्यक्षात असा एकही नागरिक गावात नव्हता, आणि ज्याचे रक्षण करायचे तो गृहस्थ मोगादोरहून मजल दरमजल करीत काही दिवसांनी पोहोचला. तडजोड अशी झाली की जर्मनीने फ्रेंच काँगोतील मुलूख घेऊन मोरोक्को फ्रान्सला मोकळा सोडला आणि 1912 मध्ये फ्रेंच संरक्षित राज्य सुरू झाले. 1930 नंतर सार्डिन मासळीचे कारखाने, सूसमधील संत्री-मोसंबी आणि विमान टपालाचा थांबा यांमुळे शहर झपाट्याने वाढले. पठारावर तलबोर्ज ही दाट व्यापारी पेठ उभी राहिली, तिच्यालगत याशेश ही कामगारवस्ती झाली आणि समुद्राच्या बाजूला रुंद रस्त्यांचे फ्रेंच नवे शहर आले. 1956 मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला तेव्हा हे दक्षिणेकडील महत्त्वाचे बंदर होते आणि समुद्रकिनारी चार मजली हॉटेले उभी राहत होती.

समस्या

29 फेब्रुवारी 1960 रोजी, रमझानच्या सुरुवातीच्या दिवसांत, रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी सुमारे पंधरा सेकंद जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता 6 पेक्षा कमी होती, म्हणजे जगाच्या मोजमापात तो मध्यमच म्हणायचा. पण त्याची नाभी अगदी उथळ होती आणि केंद्र जवळजवळ शहराच्या पोटाखाली होते. कसबा, फुंती आणि याशेश येथील सर्व इमारती कोसळल्या किंवा निकामी झाल्या आणि तेथील 95 टक्क्यांहून अधिक रहिवासी मरण पावले. तलबोर्जमधील नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती गेल्या, तर किनाऱ्याकडील नव्या भागातील सुमारे साठ टक्के. एकूण मृतांचा आकडा 12,000 ते 15,000 असा धरला जातो, म्हणजे शहरातील दर तीन माणसांमागे एक.

जुन्या वस्त्यांतील घरे दगड आणि मातीच्या जाड भिंतींची होती आणि भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे काही नव्हते, त्यामुळे त्यांचे पडणे समजू शकते. धक्कादायक भाग होता तो नव्या काँक्रीटच्या इमारतींचा. किनाऱ्यावरचे सादा हे नामांकित हॉटेल पत्त्यांच्या बंगल्यासारखे मजल्यावर मजला बसून खाली आले. आडव्या हादऱ्यांचा विचार रचनेत केलेलाच नव्हता, कारण हा प्रदेश भूकंपप्रवण आहे असे कोणी धरून चालत नव्हते. दोन पिढ्यांत गजबजलेल्या या शहराला 1731 ची आठवण राहिली नव्हती.

पूर्वसूचना होत्या का? होत्या, पण त्या वाचता येण्याजोग्या नव्हत्या. 23 फेब्रुवारीला हलका धक्का बसला होता आणि 29 तारखेलाच दुपारी बाराच्या आत-बाहेर आणखी एक, अधिक जोराचा. लोक घाबरून रस्त्यावर आले आणि नंतर घरी परतले. महाराष्ट्रातील वाचकाला येथे किल्लारी आठवल्याशिवाय राहणार नाही: 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाआधी, 1992 मध्ये, त्या परिसरात लहान धक्क्यांची मालिकाच झाली होती. अशा मालिका बहुधा काहीही न घडता विरून जातात. म्हणून दुपारच्या त्या धक्क्यानंतर शहर रिकामे का केले नाही, हा प्रश्न आज कितीही सहज सुचला तरी त्या वेळच्या प्रशासनाला तो लावणे न्याय्य वाटत नाही. खरे निर्णय त्या रात्रीनंतर सुरू झाले.

पहिला निर्णय: शहर बंद करणे

दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या फ्रेंच नौदलाच्या विमानतळाचे फारसे नुकसान झाले नव्हते, त्यामुळे तेथील जवान काही तासांतच ढिगाऱ्यांपाशी पोहोचले. पाठोपाठ युवराज मौलाय हसन यांच्या नेतृत्वाखाली मोरोक्कोचे सैन्य आले आणि परदेशी मदतपथकेही आली. पण उष्मा वाढला, ढिगाऱ्यांखाली हजारो मृतदेह होते आणि पाण्याची व्यवस्था मोडली होती. दोन दिवसांत प्रशासनाने साथीच्या भीतीने उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढले, परिसराला सैनिकी पहारा बसवला, चुनकळी व जंतुनाशके फवारली आणि मृतांचे सामूहिक दफन केले. नंतर जुन्या भागावर बुलडोझर फिरले.

या प्रकरणातील सर्वांत कठीण निर्णय माझ्या मते हाच आहे, जागा बदलण्याचा नव्हे. सार्वजनिक आरोग्याचे आजचे ज्ञान असे सांगते की आघाताने मरण पावलेल्यांचे मृतदेह सहसा साथ पसरवत नाहीत; साथ पसरते ती जिवंत माणसांच्या दूषित पाण्यातून आणि छावण्यांतील दाटीतून. 1960 मध्ये मात्र उलट समज सर्वत्र दृढ होता. त्यामुळे शोधकार्य लवकर थांबले आणि असंख्य कुटुंबांना आपल्या माणसाची ओळख पटवून, विधिपूर्वक दफन करण्याची संधी मिळाली नाही. पुढे नव्या शहराशी लोकांचे नाते कसे जुळले, किंवा जुळले नाही, याचे एक मूळ येथे आहे.

पर्यायांचा विचार

शहर बंद झाल्यावर तत्त्वतः चार वाटा होत्या. पहिली म्हणजे ते सोडून देणे. बंदराचे काम अन्य किनाऱ्यांकडे वळवता आले असते आणि दोनशे वर्षांपूर्वी एका सुलतानाने नेमके तेच केले होते. पण स्वातंत्र्य मिळून जेमतेम चार वर्षे झालेल्या राष्ट्राला दक्षिणेतील आपले मोठे शहर मातीत सोडणे परवडणारे नव्हते. राजे मोहम्मद पाचवे यांनी लगेच जाहीर केले की अगादिरचा विनाश नियतीने ठरवला असला तरी त्याची फेरउभारणी आपल्या श्रद्धेवर आणि इच्छाशक्तीवर अवलंबून आहे. हे वाक्य पुढे शहरातील स्मृतिभिंतीवर कोरले गेले. त्या घोषणेने ही वाट कायमची बंद झाली.

दुसरी वाट म्हणजे होते तेथेच, होते तसेच, पण मजबूत बांधणे. रहिवाशांच्या दृष्टीने ती सर्वांत स्वाभाविक होती: जमिनीची मालकी ठाऊक, शेजार ठाऊक, मशीद आणि बाजार यांच्या जागा ठाऊक. अडचण अशी की ढिगाऱ्यांखाली माणसे होती आणि घातक धक्क्याचे मूळही तिथेच होते.

तिसरी वाट दूर जाण्याची, म्हणजे सूसच्या खोऱ्यात इनेझगान या गावाच्या आसपास आत सरकण्याची होती. ती सुरक्षित होती, पण बंदर, कारखाने आणि समुद्रकिनारा जागचे हलणारे नव्हते. रोजगार एकीकडे आणि निवारा दुसरीकडे अशी फाळणी झाली असती.

चौथी वाट मधली होती: तिल्दी ओढ्याच्या पलीकडील जुन्या वस्त्यांचा भाग नव्या शहरातून वगळायचा आणि सुमारे तीन किलोमीटर दक्षिणेला, त्याच उपसागराच्या काठी, नवे शहर बांधायचे. तीन किलोमीटर हे अंतर ऐकताना हास्यास्पद वाटते. भूकंपापासून पळून कोणी तीन किलोमीटरवर थांबते का? परंतु उथळ आणि मध्यम तीव्रतेच्या भूकंपात नुकसान केंद्रापासून फार वेगाने कमी होत जाते. नौदलाचा तळ आणि इनेझगान हे जवळ असूनही बचावले, हा त्याचा डोळ्यांसमोरचा पुरावा होता. जमिनीच्या पाहणीचा आधार घेऊन हाच पर्याय स्वीकारला गेला आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता असे मला वाटते.

केलेली कार्यवाही

30 जून 1960 रोजी राजाच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1961 मध्ये, मोहम्मद पाचवे यांचे निधन झाले. अनेक देशांत असा प्रकल्प एवढ्यावरच रखडला असता. तो रखडला नाही याची दोन कारणे दिसतात: मदतकार्याचे नेतृत्व केलेले युवराजच हसन दुसरे म्हणून गादीवर आले, आणि फेरउभारणीसाठी स्वतंत्र उच्चायुक्तालय नेमलेले असल्यामुळे भूसंपादन, आराखडा, निधी आणि बांधकाम या गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या टेबलांवर फिरत राहिल्या नाहीत.

आराखडा मुराद बेन एम्बारेक यांच्या हाताखालील नगररचना विभागाने केला आणि इमारतींसाठी झाँ-फ्रांस्वा झेवाको, एली अझागुरी यांच्यासारखे तरुण वास्तुविशारद बोलावले गेले. शहराचे विभाग पाडण्यात आले: नगरकेंद्र, निवासी व व्यापारी ‘नवे तलबोर्ज’, किनाऱ्यालगत हॉटेले व बंगले, आणि वेगळा औद्योगिक भाग. मध्ये हिरवे पट्टे आणि रुंद मार्ग सोडले. इमारती बुटक्या, उघड्या काँक्रीटच्या, सावल्यांचा हिशेब करून रचलेल्या होत्या. झेवाको यांचे अग्निशमन केंद्र आणि टपाल कार्यालय आजही पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, आणि त्यांच्या अंगणाभोवती रचलेल्या एकमजली घरांना 1980 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ही घरे मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत शहाणी वस्तू वाटतात, कारण त्यांत भूकंपाचे गणित आणि मोरोक्कन कुटुंबाची अंगणाभोवती राहण्याची रीत यांची सांगड घातलेली आहे. बाकी ठिकाणी बहुधा गणितच पुढे राहिले.

‘अगादिर 1960’ या नावाने भूकंपरोधक बांधकामाचे नियम तयार करण्यात आले आणि नवे शहर त्यांनुसार बांधले गेले. कसबा आणि जुने तलबोर्ज येथे बांधकामास मनाई झाली.

परिणाम

आर्थिक कसोटीवर प्रकल्प यशस्वी ठरला. मासेमारी बंदर पुन्हा उभे राहिले, सूसची फळे व भाजीपाला युरोपला जाऊ लागला आणि समुद्रकिनाऱ्याने शहराला देशातील प्रमुख पर्यटनस्थळ केले. नोव्हेंबर 1975 मध्ये हसन दुसरे यांनी पश्चिम सहाराकडील ‘हरित मोर्चा’ला, म्हणजे त्या प्रदेशावर मोरोक्कोचा हक्क सांगणाऱ्या निःशस्त्र नागरिकांच्या मोर्चाला, निघण्याचा आदेश अगादिरहूनच दिला आणि राज्याच्या दक्षिण टोकाचे हे शहर त्याच्या मध्यावर आल्याची भाषा सुरू झाली. 1991 मध्ये नवा विमानतळ आला. 2014 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4,21,000 च्या वर होती, म्हणजे भूकंपापूर्वीच्या जवळजवळ दहापट.

सुरक्षिततेच्या कसोटीवर उत्तर अर्धे आहे. नियम एका शहरापुरते राहिले. देशव्यापी भूकंपरोधक संहिता मोरोक्कोत 2002 मध्ये लागू झाली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. 2004 मध्ये उत्तरेकडील अल होसेमा येथे 600 हून अधिक माणसे गेली आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च ॲटलासमधील भूकंपाने सुमारे तीन हजार. दोन्हीकडे घात केला तो मुख्यतः दगडमातीच्या खेड्यांतील घरांनी. आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. भारतात भूकंपरोधक बांधकामाचे मानक 1962 पासून होते, पण किल्लारी-सास्तूरच्या जाड भिंतींपर्यंत आणि मातीने लादलेल्या माळवदांपर्यंत ते कधी पोहोचलेच नव्हते.

सामाजिक कसोटीवर निकाल सर्वांत कमजोर आहे. आराखड्यातील नगरकेंद्र भव्य होते, पण ते शहराचे हृदय झाले नाही. कार्यालये सुटली की तेथील चौक ओस पडत. माणसांची खरी वर्दळ गेली ती तटबंदीच्या आतील ‘सूक अल-हद’ या बाजारात आणि नव्या तलबोर्जच्या गल्ल्यांत. रुंद मार्ग आणि हिरवे पट्टे यांनी विभाग सांधण्याऐवजी तोडले. लोकसंख्या आराखड्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढली आणि ती कडेच्या अनियोजित वस्त्यांत व शेजारच्या गावांत सामावली.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा लोकांच्या सहभागाचा. आराखडा कुशल माणसांनी केला, पण वाचलेल्या दोन-तृतीयांश रहिवाशांना त्यात विचारणा होण्याची पद्धतच त्या काळी नव्हती. कोण कोणाच्या शेजारी राहणार, दुकान घराखाली असणार की वेगळ्या विभागात, हे प्रश्न नकाशावर सुटले. किल्लारीचा भूकंप अगादिरनंतर तेहतीस वर्षांनी होऊनही आपण यात फार शहाणे ठरलो नाही. लातूर-धाराशिवमधील 52 गावे नव्या जागी हलवली गेली, घरे जमीनधारणेनुसार लहान-मोठी दिली गेली आणि रस्ते आखीव झाले. पण वाड्याच्या चौकात, आळीत, ओट्यावर चालणारे जगणे त्या सरळ रेषांत बसवताना लोकांना वर्षे लागली. जिथे गावकऱ्यांशी सतत बोलून रचना ठरली तिथे घरे लवकर घरासारखी वापरली गेली. अगादिरमध्ये झेवाको यांच्या अंगणाच्या घरांचा धडा सर्व वस्त्यांना लावता आला असता, असे म्हणायला जागा आहे.

दुसरा मुद्दा दोन्ही शहरांना जोडून ठेवण्याचा. बांधकाममनाई योग्य होती, पण मनाई म्हणजे विस्मरण असा अर्थ प्रत्यक्षात झाला. जुन्या तलबोर्जची जागा गवताळ, मोकळी राहिली. ज्यांचे आईवडील तेथे गाडले गेले त्यांना तेथे उभे राहून फातिहा म्हणण्यापलीकडे काही उरले नाही. भूकंपाच्या छायाचित्रांचे संग्रहालय फार उशिरा, ओल्हाओ या जुळ्या पोर्तुगीज शहराच्या नावाच्या उद्यानात झाले. ढिगारे उपसताना रस्त्यांच्या मूळ रेषा, मशिदीचा एखादा पाया, पेठेचे एखादे तोंड जागेवर राखले असते, तर खर्च नगण्य होता. बुलडोझरची घाई पुन्हा त्या पहिल्या निर्णयाशी, साथीच्या भीतीशी, येऊन थांबते.

तिसरा मुद्दा नियमांच्या प्रसाराचा. 1960 चे नियम तयार असताना, निदान सूस आणि ॲटलासच्या खेड्यांसाठी लाकडी किंवा काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांनी भिंती बांधून घेण्यासारखी साधी सूत्रे काढणे शक्य होते. गवंड्याला समजेल अशा चार चित्रांत ती मावली असती. उच्चायुक्तालयाचे अधिकारक्षेत्र शहराच्या हद्दीवर संपत होते आणि पुढची खेडी दुसऱ्या कोणाच्या तरी कागदावर होती.

या चुकांपैकी एकीची दुरुस्ती अलीकडे सुरू झाली आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये राजे मोहम्मद सहावे यांच्या उपस्थितीत शहराच्या विकासाचा 2020 ते 2024 असा कार्यक्रम ठरला आणि त्यात कसब्याच्या जतनाचा समावेश झाला. काम करणाऱ्यांपुढचा पेच असा होता की तट पुन्हा उभारायचे, पण आतली जमीन ही कबर आहे हे विसरायचे नाही. 2022 पासून रज्जुमार्ग थेट डोंगरमाथ्यापर्यंत जातो. पाळण्यातून एका बाजूला बंदर, हॉटेले आणि तीन किलोमीटरवरचे पांढरे शहर दिसते. दुसऱ्या बाजूला ओढ्याच्या अलीकडे हिरवट, उघडे पठार दिसते, जिथे एकेकाळी तलबोर्जची दुकाने होती.